भीमेच्या पैलतीरावरचें सिद्धटेक

नौकाविहार म्हटला म्हणजे धनिकांची शिडाची नौका डोळ्यांपुढें येते. परंतु राजदत्त-दिग्दर्शित ‘अष्टविनायक’ (१९७९) या बोलपटांतील एक स्थळ गांठावयास पुण्याकडील भाविकांस साधी होडी पुरत असे. तें स्थळ म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यांतील, कर्जत तालुक्यांतलें सिद्धटेक. दौंडहून शिरापुरास यावें आणि होडींतून भीमा ओलांडावी, हा जुना परिपाठ. पावसाळ्यांत नदी फुगली कीं देव समोर असूनहि दुरावे.

पैलतीरावर चित्रपटाहून पुष्कळ जुना इतिहास उभा आहे. देवालय अहिल्याबाई होळकरांनीं बांधविलें. त्यांचें जन्मग्राम चौंडी याच जिल्ह्यांतलें. पेशव्यांचे सेनानी हरिपंत फडके यांचें पद गेलें, तेव्हां त्यांनीं येथें २१ दिवस रोज २१ प्रदक्षिणा घातल्या आणि पद परत मिळालें, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानावी कीं न मानावी, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण एका प्रदक्षिणेस सबंध टेकडीला वळसा पडतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पदच्युत सेनापतीची आर्तता उमगते. नगारखानाहि त्यांनींच बांधविल्याचें सांगतात.

आतां भीमेवर पूल झाला आहे. होडीची वाट पाहण्याचें कारण उरलेलें नाहीं.