डिकोड वेज: मलकापूरच्या पिनकोडवरून समजून घेऊया डायनॅमिक प्रोग्रामिंग

लीटकोडवरचा ९१ नंबरचा 'डिकोड वेज' हा प्रश्न इंटरव्ह्यूच्या तयारीत हमखास भेटतो. ए म्हणजे १, बी म्हणजे २, असं करत झेड म्हणजे २६. आपल्याला फक्त आकड्यांची ओळ मिळते. ती अक्षरांत किती प्रकारे वाचता येईल, ते मोजायचं.

आमच्या मलकापूरला थांबणाऱ्या अमरावती-मुंबई एक्सप्रेसचा नंबर घ्या: १२११२. शेवटचा २ एकटा वाचला, तर आधीच्या १२११ चे जितके प्रकार तितकेच, म्हणजे ५. शेवटचे १२ जोडीने वाचले, तर आधीच्या १२१ चे प्रकार, म्हणजे ३. बेरीज ८.

साधं रिकर्शन इथे तेच तेच छोटे प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवत बसतं. ओळीत चाळीस वेळा १ असेल, तर उत्तर १६,५५,८०,१४१ येतं आणि रिकर्शन तिथवर एकेक प्रकार मोजत जातं. प्रत्येक टप्प्याचं उत्तर लिहून ठेवलं, की चाळीस पायऱ्यांत काम होतं. हेच डायनॅमिक प्रोग्रामिंग.

एका ऑनलाइन टेस्टमध्ये मी इथपर्यंतच विचार केला होता. नमुन्याच्या केसेस पास झाल्या, लपवलेल्या फेल! कारण होतं शून्य. नंतर गावचा पिनकोड ४४३१०१ वहीत सोडवला, तेव्हा चूक सापडली.

नियम दोनच:
१. आकडा शून्य नसेल, तर मागच्या घराची किंमत घ्या.
२. शेवटची जोडी १० ते २६ मध्ये असेल, तर दोन घरं मागची किंमत त्यात मिळवा.

सुरुवातीच्या रिकाम्या घरात १ लिहा, कारण काहीच न वाचण्याचा प्रकार एकच.

आता ४, ४, ३, १ पर्यंत प्रत्येक घरात १ येतो. ४४, ४३, ३१ या जोड्या २६ च्या वर आहेत. पुढचा ० एकटा चालत नाही, पण १० चालतो, म्हणून दोन घरं मागचा १ मिळाला. शेवटच्या १ ला मागचा १ मिळतो. ०१ ही जोडी बाद. उत्तर १: डी, डी, सी, जे, ए.

आता जिल्ह्याच्या ठिकाणी, बुलढाण्याला चला: ४४३००१. इथे ० च्या आधी ३ आहे. ३० नावाचं अक्षरच नाही! त्या घरात ०, पुढेही ०, उत्तर ०.

प्रत्येक वेळी मागची दोनच घरं लागतात, त्यामुळे अख्ख्या ॲरेऐवजी दोन व्हेरिएबल पुरतात. पण कोड लिहायच्या आधी आपल्या गावचा पिनकोड वहीत सोडवून बघाच.