अँझिओ : दैव, रणनीती आणि स्मृतिलेखन

रोमच्या दक्षिणेस सुमारे 50 किलोमीटरवर, तिऱ्हेनियन समुद्राकाठी वसलेले अँझिओ म्हणजे प्राचीन अँतियम. नीरोचे हे जन्मस्थान. होरेसने एका ओडमध्ये जिला आळवले त्या फॉर्च्युना या दैवदेवतेचे पीठही येथलेच. 22 जानेवारी 1944 नंतर मात्र गावाचे नाव एका लष्करी अवतरणाशी जोडले गेले. त्या घटनेचे इतिहासलेखनही बहुधा दैवाच्याच परिभाषेत, ‘हुकलेली संधी’ या सूत्राभोवती, झाले आहे.

कासिनोची जर्मन फळी भेदता येईना, तेव्हा समुद्रमार्गे तिच्या पिछाडीस उतरून रोमची वाट मोकळी करावी, हा दोस्तांचा बेत होता. पहिल्या दिवशी सुमारे 36,000 सैनिक जवळजवळ प्रतिकाराविना उतरले. सेनापती जॉन लुकास यांनी रोमकडे धाव न घेता किनाऱ्यावरील ठाणे बळकट केले. तेवढ्या अवधीत केसेलरिंगने सैन्य जमवून त्यांना घेरले. फेब्रुवारीत लुकास यांच्या जागी ट्रस्कॉट आले. कोंडी फुटली 23 मे रोजी आणि रोम हाती आले 4 जूनला. लुकास यांच्यावरील ठपका रूढ झाला. पण आरंभीच्या तुटपुंज्या बळावर रोम घेऊन राखता आले असते काय, हा प्रश्न त्यात दबून जातो. कासिनोवर चौथ्या भारतीय डिव्हिजनने फेब्रुवारीच्या मध्यास केलेला हल्ला घाईने झाला, त्यामागेही अँझिओवरील दडपण हलके करण्याची निकड होती. ‘संधी’ची किंमत अशी दूरवर मोजली गेली.

अंदमानात जन्मलेले रॅले ट्रेव्हेलियन या आघाडीवर तरुण अधिकारी होते. ‘द फॉर्ट्रेस’ (1956) या त्यांच्या रोजनिशीवजा पुस्तकात संधी नाही, रणनीतीही नाही. आहेत त्या चिखलाच्या घळी. ब्रिटिश सैनिक त्यांना आफ्रिकेच्या वाळवंटातून सोबत आणलेल्या ‘वादी’ या अरबी शब्दाने ओळखत. पुढे ‘रोम 44’ (1981) मध्ये ट्रेव्हेलियन यांनी जर्मन आणि इटालियन बाजूही त्याच कथनात आणल्या. अनुभवकथनाकडून इतिहासाकडे झालेला हा प्रवास तौलनिक अभ्यासास महत्त्वाचा वाटतो. कारण येथे इतिहास अनुभवाला पुसत नाही, त्याच्या मर्यादा दाखवतो.

नेत्तुनोजवळच्या अमेरिकन दफनभूमीत सुमारे 7,800 समाधिचिन्हे ओळींनी उभी आहेत. घरे सोडावी लागलेल्या अँझिओकरांच्या स्मृतीला असा ठळक आकार लाभलेला नाही. अवतरणाच्या वाङ्मयाचा विचार त्यांना वगळून पुरा होत नाही.