श्रीहरिहरेश्वर क्षेत्र : स्थलवर्णन व इतिहास

कोंकणपट्टींतील ज्या क्षेत्रांचा मराठ्यांच्या राजकारणाशीं निकटचा संबंध आला, त्यांत श्रीहरिहरेश्वराची गणना अग्रभागीं केली पाहिजे. पुण्याच्या पेशव्यांचें हें कुलदैवत. ज्या घराण्याच्या अमदानींत इ. स. १७५८ मध्यें मराठी फौजा अटकेपर्यंत पोंचल्या, त्या घराण्याच्या कुलदैवताचा मुलूख मात्र त्यांच्या निर्वेध सत्तेखालीं शेवटपर्यंत आला नाहीं. असें कां व्हावें, हा प्रश्न आमच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत होता. प्रत्यक्ष स्थळ पाहिल्यावर त्याचें निम्मेंअधिक उत्तर तेथील डोंगर, खाडी व समुद्र यांच्या रचनेंतच आहे असें आम्हांस दिसून आलें. म्हणून प्रथम स्थलवर्णन व मग इतिहास, असा क्रम येथें ठेवितों.

हरिहरेश्वर हें गांव रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांत, अगदीं दक्षिण टोंकास आहे. हा जिल्हा इ. स. १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जात असे. महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावलेली सावित्री नदी महाडावरून वाहत येऊन येथेंच समुद्रास मिळते. तिच्या मुखास बाणकोटची खाडी म्हणतात. खाडीच्या उत्तर तीरीं हरिहरेश्वर, दक्षिण तीरीं बाणकोट व त्याच्या शेजारीं वेळास. वेळास हें नाना फडणिसांच्या भानू घराण्याचें मूळ गांव, हें वाचकांस विदित आहेच. म्हणजे मराठी राज्याचा कारभार ज्या दोन घराण्यांनीं पुढें चालविला, त्यांचीं मूळ स्थानें या एकाच खाडीच्या आसमंतांत होतीं. आज बागमांडले व वेसवी यांच्या दरम्यान मोटारीसुद्धां नावेंतून पार होतात.

क्षेत्राभोंवतीं चार टेकड्या असून त्यांस हरिहर, हर्षिणाचल, ब्रह्माद्रि व पुष्पाद्रि अशीं नांवें आहेत. पायथ्याशीं श्रीकालभैरव व श्रीहरिहरेश्वर यांचीं मंदिरें आहेत. यात्रेकरूनें प्रथम कालभैरवाचें दर्शन घ्यावें, मग हरिहरेश्वराचें, व पुन्हा कालभैरवाकडे यावें असा येथील परिपाठ आहे. पितरांचीं कार्यें येथें होतात, त्यामुळें क्षेत्रास दक्षिण काशी म्हणतात. एकाच नांवांत हरि आणि हर या दोघांचा उच्चार होतो, ही गोष्ट शैव व वैष्णव यांच्या समन्वयाचा विचार करणारांनीं लक्ष्यांत ठेवण्याजोगी आहे.

येथील प्रदक्षिणा मात्र इतर देवस्थानांसारखी नव्हे. देवळामागून टेकडी चढून गेल्यावर दोन कड्यांमधील अरुंद फटींतून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. खालीं लाटांनीं तासून सपाट केलेला काळ्या पाषाणाचा ओटा लागतो. यावरूनच टेकडीस वळसा घालून परत देवळाशीं यावयाचें असतें. हा मार्ग ओहोटीच्या वेळींच मोकळा असतो. भरती चढूं लागली म्हणजे पाणी कड्याच्या पायथ्यास भिडतें. आम्हीं स्थानिक माणसांस वेळ विचारूनच पाऊल टाकिलें, व वाचकांनींहि तसेंच करावें. या पाषाणांत गायत्रीतीर्थ, नागतीर्थ, चक्रतीर्थ, विष्णुपद इत्यादि स्थानें दाखवितात.

कड्याचा पृष्ठभाग ठिकठिकाणीं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा छिद्रमय झाला आहे. प्रथमदर्शनीं हें काम कोणी छिन्नीनें केलें असावें असा भास होतो. त्याचें कारण निराळें आहे. सह्याद्रीचा हा पाषाण लाव्हारसापासून झालेला आहे. समुद्राचे तुषार त्याच्या सूक्ष्म रंध्रांत शिरतात, पाणी सुकतें, मिठाचे स्फटिक वाढतात व ते दगडाचे कण सुटे करितात. एकदां खळगा पडला म्हणजे त्यांत ओल अधिक टिकते व तो अधिकच खोल जातो. भाविकानें यास देवाची लीला म्हणावें, संशोधकानें क्षाराचें कार्य म्हणावें. परंतु येथें मनुष्याच्या हातचें कोरीव लेणें शोधूं नये, एवढें आम्ही सुचवितों.

मनुष्याच्या हातचीं लेणीं पाहावयाचीं तर नदीनें वर महाडाकडे जावें. तेथें गांधारपाले येथें बौद्ध लेणीं असून त्यांतील एका लेखांत कुमार काणभोज विष्णुपालित याचें नांव आहे. खाडीमुखापासून महाडापर्यंत व्यापाराचा जलमार्ग प्राचीन काळापासून चालू होता, याचें हें चिन्ह होय. ग्रीक नाविकांच्या पेरिप्लस ग्रंथांत या किनाऱ्यावर मंदगोर नांवाचें बंदर सांगितलें आहे. कांहीं विद्वान् तें बाणकोट-मंडणगड येथें ठेवितात, कांहीं उत्तरेस राजपुरीच्या खाडींतील मांदाड येथें. मांदाडानजीकच्या कुडा लेण्यांतील लेखांत महाभोज मांदव यांचा उल्लेख येतो. यामुळें नामसाम्याचा कौल मांदाडाकडे अधिक झुकतो असें आमचें मत आहे. जवळच्या दिवेआगर येथें मिळालेला शके ९८२ चा मराठी ताम्रपट तर प्रसिद्धच आहे. तो मराठी भाषेच्या अगदीं जुन्या लेखांपैकीं एक होय. सारांश, हा प्रदेश पेशव्यांमुळें प्रथम उजेडांत आला असें मानणें चुकीचें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. भट घराण्याकडे दंडाराजपुरी व श्रीवर्धन येथील देशमुखी होती. वतन सिद्दीच्या मुलुखांत असल्यामुळें जंजिरेकर हबशाशीं वितुष्ट येतांच घर सोडणें प्राप्त झालें, व बाळाजी विश्वनाथ भानू बंधूंसह घाटावर गेले. या प्रसंगाविषयीं अनेक हृदयद्रावक आख्यायिका सांगतात. त्या समकालीन पुराव्याच्या तोलाच्या नसल्यामुळें आम्ही त्या आधारास घेत नाहीं. निश्चित गोष्ट अशी कीं, इ. स. १७१३ च्या नोव्हेंबरांत शाहू महाराजांनीं मांजरी येथें त्यांस पेशवाईचीं वस्त्रें दिलीं. गांवचा देशमुख राज्याचा प्रधान झाला, परंतु गांव परक्याच्या हातींच राहिला.

पुढें इ. स. १७२७ मध्यें सिद्दी सातानें चिपळूणजवळील परशुरामाचें देवस्थान उध्वस्त केलें, व ब्रह्मेंद्रस्वामींनीं सर्व दरबारांत तो विषय लावून धरिला. इ. स. १७३३ च्या मे महिन्यांत बाजीराव स्वतः राजपुरीवर उतरले. जूनमध्यें रायगड मराठ्यांकडे परत आला. पण लगेच पावसाळा लागला, ऑगस्टांत सेखोजी आंग्रे वारले, इंग्रजांची मदत सिद्दीस मिळत राहिली, आणि जंजिरा अभेद्यच राहिला. इ. स. १७३६ च्या एप्रिलांत चिमाजी आप्पांनीं रेवसनजीकच्या लढाईंत सिद्दी सातास ठार मारिलें. या सर्व खटपटीचें फळ म्हणजे हबसाणच्या अकरा महालांत मराठ्यांस मिळालेला निम्मा वाटा. संपूर्ण स्वामित्व नव्हेच.

नकाशा पुढें ठेवून पाहिलें असतां कारण स्पष्ट होतें. श्रीवर्धन महाल हा उत्तरेस राजपुरीची खाडी, दक्षिणेस बाणकोटची खाडी, पश्चिमेस समुद्र व पूर्वेस डोंगरांची रांग यांनीं वेढलेला आहे. घाटावरील घोडदळास हे डोंगर व खाड्या ओलांडून येथें टिकून राहणें कठीण. पावसाळ्यांत तर वाटाच बंद. उलट ज्याचें आरमार राजपुरींत सुरक्षित आहे, त्यास गलबतांनीं केव्हांहि येथें उतरतां येई. म्हणजे या भूमीची किल्ली जमिनीवर नसून पाण्यावर होती. ही किल्ली ज्यांच्या हातीं असावयाची, त्या आंग्र्यांच्या आरमाराशीं पेशव्यांनीं इ. स. १७५५-५६ मध्यें इंग्रजांच्या साह्यानें युद्ध मांडिलें. इ. स. १७५६ च्या तहानें विजयदुर्ग पेशव्यांस मिळाला, पण मोबदल्यांत बाणकोट इंग्रजांकडे गेलें. तेव्हांपासून कुलदैवताच्या एका अंगास हबशी व समोरच्या तीरीं इंग्रज अशी स्थिति झाली. आरमार मोडल्याचा तोटा पुष्कळ लेखकांनीं सांगितला आहे. परंतु हरिहरेश्वराच्या कड्यावर उभें राहून समोर बाणकोटचा किल्ला पाहिला म्हणजे तो जसा प्रतीत होतो, तसा ग्रंथ वाचून होत नाहीं. पेशवाई इ. स. १८१८ मध्यें संपली; जंजिरा संस्थान मात्र इ. स. १९४८ पर्यंत टिकलें, व हें क्षेत्र तोंपर्यंत त्याच संस्थानांत राहिलें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. दि. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलें. नारळीपोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचीं कौलें व पत्रे उडाले. श्रीवर्धनी रोठा सुपारीचीं झाडें पुन्हा लावितां येतात. माळ्यावर भिजून गेलेलें दप्तर पुन्हा लिहितां येत नाहीं. सिद्दीच्या कारकीर्दींतील सनदा, देवस्थानच्या नेमणुकीचे कागद, उपाध्यायांच्या वह्या, बागाईताचे सारापट्टीचे हिशेब, असे जें कांहीं या तालुक्यांतील घराघरांतून उरलें असेल, त्याच्या नकला व छायाचित्रें आतांच घेतलीं पाहिजेत. दोन सत्तांच्या निम्म्या निम्म्या वाट्यांत एका देवस्थानाचा नित्य व्यवहार कसा चालला, हें पुण्याच्या दप्तरापेक्षां असल्या घरगुती कागदांतून अधिक कळण्याजोगें आहे. मूळ कागद मालकाजवळच राहावे. नक्कल मात्र मंडळाकडे यावी. ज्यांच्याजवळ एखादा तरी रुमाल असेल त्यांनीं पुढील पावसाळ्याची वाट पाहूं नये.