पोवळ्यांचा चुना

आर्णी अरुणावतीच्या काठी, काळ्या बेसाल्टवर वसलेलं गाव. दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही इथे कुणाला काचेच्या टाकीत खारं पाणी भरून पोवळी सांभाळायची झाली, तर त्याला रोज लागणारा पदार्थ यवतमाळ जिल्ह्याला नवा नाही. वणीजवळच्या राजूरला चुनाभट्ट्या आहेत आणि मुकुटबनच्या चुनखडीवर सिमेंटचा कारखाना उभा आहे. ही चुनखडी एका प्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी साचली, तेव्हा पृथ्वीवर पोवळी जन्मायची होती. पोवळ्यांच्या टाकीला कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, पुरवण्याच्या तीन मुख्य पद्धती आज आहेत: चुन्याची निवळी, कॅल्शियम रिअ‍ॅक्टर आणि दोन बाटल्यांतली द्रावणं. विकणारे त्या एकमेकींच्या स्पर्धक म्हणून मांडतात. त्यांचं कूळ तपासलं तर वेगळंच दिसतं. निवळी हे मूळ आहे आणि बाकीच्या दोन तिच्या उणिवेवरच्या दुरुस्त्या आहेत. म्हणून निवड करताना आपल्या टाकीला ती उणीव जाणवते का, एवढंच आधी पाहायला हवं.

पोवळं सांगाडा बांधतं तेव्हा कॅल्शियमच्या एका आयनामागे बायकार्बोनेटचे दोन आयन खर्ची पडतात. हे प्रमाण पक्कं आहे: लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं की अल्कॅलिनिटी एक मिलिइक्विव्हॅलंटने उतरते. आता समुद्राच्या पाण्यातला साठा बघा. लिटरभर पाण्यात कॅल्शियम सुमारे ४२० मिलिग्रॅम, अल्कॅलिनिटी मात्र जेमतेम अडीच मिलिइक्विव्हॅलंट. म्हणजे कॅल्शियम विसात एक भाग घटतं तेवढ्यात अल्कॅलिनिटी चाळीस टक्क्यांनी खाली येते. कॅल्शियमच्याच बाटलीकडे धावणारे नवशिके इथेच फसतात. टाकी आधी रिकामी होते ती दुसऱ्या खात्यात. विरलेला चुना पाण्यात विरघळला की तो कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी नेमक्या याच प्रमाणात देतो, मागे दुसरं काही उरत नाही. मीठ उरत नाही, क्लोराइड उरत नाही.

चुना पाण्यात मोजून घालण्याची विद्या मात्र मत्स्यपालांची नाही. निवळी हवेतल्या कोणत्या वायूने गढूळ होते, हा शालेय प्रयोग स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकच्या १७५६च्या संशोधनापर्यंत मागे जातो. १८४१ साली अ‍ॅबर्डीनच्या थॉमस क्लार्कने कठीण पाणी चुना घालून मृदू करण्याचं पेटंट घेतलं. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात फ्लोराइड काढण्यासाठी नळगोंडा पद्धत बसवली. तिच्यात तुरटी पाण्याची अल्कॅलिनिटी खाते आणि चुना ती भरून काढतो. फ्लोराइडचा प्रश्न ज्या जिल्ह्याच्या विहिरींना आणि बोअरवेलना आहे, तिथे हे वेगळं समजावून सांगायला नको. त्याच दशकात जर्मनीचे पीटर विल्केन्स यांनी उडालेल्या पाण्याच्या जागी निवळी घालण्याची रीत समुद्री टाक्यांत रुजवली. क्लार्कच्या पद्धतीतला एक धडा इथे उलटा लागू पडतो. त्याला चुन्याने पाण्यातलं कॅल्शियम साक्यासारखं तळाला बसवायचं होतं. टाकीत निवळी भसकन ओतली तर तेच घडतं. तिचा सामू १२च्या वर असतो, टाकीचा ८.१च्या आसपास. म्हणून ती थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री, सोडायची.

मग उणीव कुठे आहे? लिटरभर पाण्यात चुना दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, आणि निवळी टाकीत घालता येते ती पाणी उडेल तेवढीच. शंभर लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर उडाले आणि तेवढी संपृक्त निवळी घातली, तर लिटरमागे सुमारे १६ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ०.८ मिलिइक्विव्हॅलंट अल्कॅलिनिटी परत मिळते. मध्यम वस्तीच्या टाकीला हे पुष्कळ झालं. दाटीने वाढणाऱ्या कडक पोवळ्यांना पुरत नाही, म्हणून पुढच्या युक्त्या आल्या. रिअ‍ॅक्टरमध्ये पोवळ्यांचेच तुकडे कार्बन डायऑक्साइडच्या आम्लात विरघळवतात; पुरवठा अमाप, पण सामू खाली ओढला जातो, सिलिंडर आणि पंप अखंड चालावे लागतात. हान्स-वेर्नर बालिंग यांनी १९९४ साली कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेटची वेगळी द्रावणं मांडली. त्यांतून मिठाची शिल्लक साचते, म्हणून सोडियम क्लोराइड वगळलेलं तिसरं क्षारमिश्रणही जोडीला दिलं. या तिसऱ्या मिश्रणाचा विसर पडलेले बरेच आहेत.

विदर्भात निवळी पुरेल का, अशी शंका कुणी घेईल. उन्हाळ्यात टाकी गार ठेवली तरी कोरड्या हवेत पाणी भरपूर उडतं. शेजारी कूलर चालू असेल तर हवेत ओल वाढते आणि हिशेब थोडा बिघडतो. खरी अडचण पावसाळ्याची आहे. हवा दमट होते, पाणी कमी उडतं, पोवळ्यांची भूक तेवढीच राहते. तेवढे महिने दोन द्रावणांची भर घालावी. निवळी सोडून द्यायचं कारण नाही. भारनियमनाचा मुद्दाही तिच्याच बाजूने आहे. उंचावरच्या डब्यातून गुरुत्वाने झिरपणाऱ्या निवळीला वीज लागत नाही, रिअ‍ॅक्टर मात्र पंपाविना ठप्प होतो. अर्थात टाकीतलं पाणी फिरणंच थांबलं असेल तर तोटी बंद करावी, नाहीतर एकाच जागी सामू चढतो. दुसरा आक्षेप शुद्धतेचा. तो खरा आहे: भट्टीचा किंवा पानाचा चुना टाकीत नको, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच घ्यावं, वरची स्वच्छ निवळीच वापरावी, तळाचा गाळ टाकून द्यावा, आणि डबा झाकावा, कारण हवा लागली की निवळीवर साय धरते आणि ताकद कमी होते.

ज्यांच्या टाकीत मऊ पोवळी आणि मासेच आहेत, त्यांना या तिन्हींपैकी काहीही लागत नाही. ठरावीक दिवसांनी पाणी बदललं की पुरतं. आणि कडक पोवळी मिळवण्याआधी एक गोष्ट ध्यानात असू द्या. ती २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरून उचललेला तुकडा घरात ठेवणं गुन्हा आहे.