मोजणीसाठी सारा मुलूख थांबवावा काय?

आजचा थ्रेड जरा आडवळणाचा आहे. सुरुवात निलंग्यापासून.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत निलंगा तालुका बीदर जिल्ह्यात, हैदराबादच्या अमलाखाली होता. हैदराबाद संस्थानातील पहिली शिरगणती १७ फेब्रुवारी १८८१ रोजी, ब्रिटिश हिंदुस्थानाबरोबरच झाली. पद्धत ‘एका रात्रीची’. प्रगणक आधी घरांना क्रमांक घालून कच्ची नोंद करीत आणि ठरल्या रात्री कंदील घेऊन ती घरोघर पुन्हा ताडून पाहत. त्या रात्री लोकांनी घरीच राहावे, अशी अपेक्षा असे. चांदणे असावे, जत्रा वा लग्नतिथी नसावी, हे पाहून तारीख निवडली जाई. आकडा एकाच क्षणाचा मिळे खरा. पण त्यासाठी सारा मुलूख जागच्या जागी थांबवावा लागे!

हाच पेच पुढे संगणकात उभा राहिला.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅमच्या स्मृतीच्या नकाशाला एक कुलूप असते. वाचणारे अनेक चालतात, बदल करणारा मात्र एकटाच. वाचन लांबले की बदल करणारा दाराशी तिष्ठतो आणि त्याच्या मागून आलेले साधे वाचकही रांगेत अडकतात. मोजणारा कोणाचे काहीच बिघडवीत नाही, तरीही काम क्षणभर गोठते.

२००५ च्या सुमारास आलेली ‘स्मॅप्स’ फाईल नकाशातील प्रत्येक तुकड्याचा तपशील देई. कुलूप अधूनमधून सोडी, पण फार संथ. २०१७ मध्ये ‘स्मॅप्स-रोलअप’ आली. ती थेट बेरीज देई, म्हणून वेगवान. मात्र बेरीज पुरी होईतो कुलूप सोडीत नसे. ही १८८१ चीच रात्र!

शिरगणतीने ती रात्र १९४१ मध्ये सोडली. १९५१ साली गणना ९ ते २८ फेब्रुवारी अशी चालली, १ मार्चचा सूर्योदय हा संदर्भक्षण ठरला आणि मधल्या काळातील जन्ममृत्यूंसाठी ३ मार्चपर्यंत फेरतपासणी झाली. लिनक्सने २०२० मध्ये तसेच केले: कोणी ताटकळत असेल तर कुलूप सोडायचे, कुठवर आलो ते लक्षात ठेवायचे आणि पुन्हा तेथून पुढे मोजायचे. २०२३ पासून तर नकाशाच्या तुकड्यातुकड्याला स्वतंत्र कुलूप आले, पण ती वेगळी कथा.

किंमत दोघांनीही मोजली. बेरीज आता एका क्षणाची राहिली नाही. मधल्या वेळात एखादा तुकडा नाहीसा झालेला असू शकतो. माझ्या मते संगणकापुरता हा सौदा रास्तच. तेथे फेरतपासणी नाही, पण पुढची मोजणी काही क्षणांवर असते. निलंग्याच्या प्रगणकाला मात्र दहा वर्षे थांबावे लागे.