हीट मॅट (पाळीव सापांच्या पेटीतील)

पाळीव सापाच्या पेटीचा तळ किंवा एखादी बाजू बाहेरून तापवणारा पातळ, सपाट विद्युत तापक. ब्रिटन, अमेरिका व युरोपातील सर्पपालकांत तो सर्रास आढळतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः बॉल पायथन (पश्चिम व मध्य आफ्रिका) आणि कॉर्न स्नेक (आग्नेय अमेरिका) या दोन सापांपुरती आहे.

रचना : प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये कार्बनयुक्त शाईचे पट्टे छापलेले असतात आणि कडेच्या धातूच्या पट्ट्यांतून त्यांना वीज मिळते. काही प्रकारांत शाईऐवजी रोधक तार नागमोडी बसवलेली असते. शक्ती साधारणपणे ५ ते ५० वॅट. मॅट दुमडली तर घडीवर पट्टा तुटतो किंवा तेवढी जागा जास्त तापते. अशी मॅट पुन्हा वापरू नये. अमेरिकी बाजारातील १२० व्होल्टची मॅट भारतातील २३० व्होल्टच्या प्लगला थेट जोडली, तर ती जवळजवळ चौपट शक्ती घेते, कारण रोध तोच राहिल्यास शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

उपयोगाचे तत्त्व : सापाचे शरीर स्वतःची ऊब पुरेशी निर्माण करत नाही. ऊन-सावलीत जागा बदलून तो तापमान राखतो. वाळवंटी सरपटणारे प्राणी वर्तनातून शरीराचे तापमान बऱ्याच काटेकोरपणे सांभाळतात, हे काउल्स आणि बोगर्ट यांनी १९४४ मध्ये दाखवून दिले. म्हणून मॅट पेटीच्या एका टोकाला, तळाच्या एक-तृतीयांश ते फार तर निम्म्या भागाखाली बसवतात. दुसरे टोक थंड राहिले पाहिजे. बॉल पायथनसाठी उबदार टोकाचा पृष्ठभाग ३०–३२° से. व थंड टोक २५–२७° से. ठेवतात, कॉर्न स्नेकला दोन्ही आकडे थोडे कमी चालतात. लपायची जागा दोन्ही टोकांना हवी. एकाच टोकाला दिली, तर साप ऊब सोडतो, पण आडोसा सोडत नाही.

भाजणे : बॉल पायथनच्या ओठांवर अवरक्त किरण टिपणारे खळगे असतात. या ज्ञानेंद्रियामागील टीआरपीए-१ हा प्रथिनमार्ग २०१० मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ओळखला. असा साप तापलेल्या तळावर पोट भाजेपर्यंत पडून राहतो, याचे नवल वाटते. खळगे दूरच्या उबदार भक्ष्यासाठी असून पोटाच्या स्पर्शाशी त्यांचा संबंध नाही, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. निसर्गात ऊब बहुधा वरून येते, हे दुसरे. दिवसभर उन्हात तापलेल्या खडकावर किंवा डांबरी रस्त्यावर रात्री साप येतात, हे पाहता दुसरे स्पष्टीकरण पूर्ण पटत नाही. काहीही असले तरी भाजणे हा तापमान व वेळ यांचा मिळून परिणाम असतो. मोरिट्झ आणि हेन्रिक्स यांच्या १९४७ च्या प्रयोगांत माणसाच्या व डुकराच्या कातडीला ४४° से. तापमानावर इजा होण्यास सुमारे ६ तास लागले, तर आणखी काही अंशांवर काही मिनिटे पुरली. हे आकडे सापाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तत्त्व मात्र लागू पडते.

नियंत्रण : थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावू नये. डिंकाने चिकटवलेली, वर जाड भुसा आणि भुशावर वेटोळे घातलेला जड अजगर, अशी स्थिती असली की उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही आणि कमी वॅटची मॅटही धोक्याच्या तापमानाला पोहोचते. मॅटसाठी ऑन-ऑफ किंवा पल्स प्रकारचा थर्मोस्टॅट पुरतो.

बहुतेक चुका थर्मोस्टॅटच्या तापमान-संवेदकाच्या जागेत होतात. संवेदक हवेत लटकवला, तर मॅट हवा फारशी तापवत नसल्याने थर्मोस्टॅट वीज तोडतच नाही आणि तळ करपत राहतो. पेटीच्या आत ठेवला, तर साप तो सरकवतो. त्यावर पाणी सांडले किंवा सापाने मूत्र टाकले की तो खोटा गारवा दाखवतो. त्यातल्या त्यात खात्रीची जागा म्हणजे मॅट व तळ यांच्या मधोमध; तेथे तो पट्टीने पक्का करावा. तेथील आकडा आतल्या पृष्ठभागापेक्षा जास्त येतो. किती जास्त, हे काच, प्लॅस्टिक वा लाकडाच्या जाडीवर अवलंबून असते. म्हणून सेटिंग आतला पृष्ठभाग वेगळ्या तापमापकाने मोजूनच ठरवावे, आणि मोजताना भुसा बाजूला सारून नागडा तळ मोजावा, कारण साप भुसा उकरून तिथेच जातो. मोजायला इन्फ्रारेड गन वापरली, तर ती चकचकीत धातूवर चुकीचा आकडा देते.

थर्मोस्टॅटही बिघडतो. रिलेचे संपर्कबिंदू चिकटले की मॅट अखंड चालू राहते. यावर उपाय दोन : थोड्या वरच्या तापमानाला वीज तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट, किंवा पूर्ण चालू राहिली तरी इजा करणार नाही इतक्या कमी वॅटची मॅट. काचेच्या पेटीखाली रबरी पाय लावून हवेची फट ठेवतात. फट नसल्यास काचेला तडा जाऊ शकतो. मॅट पेटीच्या आत टाकू नये.

मतभेद : मॅटची ऊब त्वचेत खोल शिरत नाही व हवा थंडच राहते, म्हणून वरून हॅलोजन दिवा लावावा, असा मतप्रवाह अलीकडे बळावला आहे. लहान, उथळ प्लॅस्टिक डब्यांत दिवा बसवणे अवघड असल्याने तेथे मॅट टिकून आहे.

इजा व उपचार : पोटाचे रुंद खवले लालसर वा तपकिरी होतात, फोड येतात. भुसा काढून साधा कागद अंथरावा व पशुवैद्याकडे न्यावे. जखम भरायला अनेक कातींचा काळ जातो.

भारतातील स्थिती : नाग, धामण, भारतीय अजगर यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण असून ते घरी बाळगणे गुन्हा आहे. बॉल पायथन वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. अशा परदेशी प्राण्याची २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. कोकण व मुंबईच्या उन्हाळ्यात मॅट बहुधा बंदच ठेवावी लागते.

अंडी उबवणे : बॉल पायथनची अंडी ३१–३२° से. तापमानावर सुमारे ५५–६० दिवसांत फुटतात. उबवणीच्या पेटीतही मॅट वापरतात.