घरगुती डायलिसिस : उपकरणांतील अडचणी व उपाय

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रुग्णालयाऐवजी घरीच डायलिसिस करताना नळ्या, बॅगा व यंत्रे यांत येणाऱ्या अडचणी आणि त्या दूर करण्याची पद्धत. घरगुती डायलिसिसचे दोन प्रकार आहेत : पोटाचे (पेरिटोनियल) आणि रक्ताचे (हीमोडायलिसिस). भारतात घरी प्रामुख्याने पोटाचे डायलिसिस केले जाते, म्हणून या नोंदीत त्यावर भर दिला आहे.

कोणतीही अडचण आली की पहिला प्रश्न एकच असावा : बंद मार्ग कुठे उघडा पडला आहे का? द्रवाचा मार्ग निर्जंतुक व बंद असेल, तर अडचण बहुधा घरीच सुटते. तो फाटला, सुटला किंवा त्याला हात लागला असेल, तर दुरुस्तीचा प्रयत्न न करता नळी बंद करून डायलिसिस केंद्राला कळवावे.

रचना : पोटातील पर्युदर हे पातळ आवरण गाळणीचे काम करते. हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये प्रचारात आणलेले मऊ सिलिकॉनचे कॅथेटर पोटात कायम बसवलेले असते. त्याच्या बाहेरच्या टोकाला ट्रान्सफर सेट ही छोटी नळी असते व तिला बॅग जोडतात. १९७० च्या दशकात रॉबर्ट पोपोविच व जॅक मॉनक्रीफ यांनी अमेरिकेत दिवसभर हाताने द्रव बदलत राहण्याची पद्धत मांडली आणि टोरांटोच्या दिमित्रिओस ओरिओपोलोस यांनी प्लॅस्टिकच्या बॅगा वापरून ती सोपी केली. हाताने करायच्या पद्धतीत प्रौढ रुग्ण साधारण २ लिटर द्रव पोटात भरतो, काही तास ठेवतो व काढून टाकतो. असे एक्स्चेंज बहुधा दिवसातून चार वेळा होते. सायकलर हे यंत्र तेच काम रात्री झोपेत करते.

द्रव आत न जाणे : तपासणी बॅगपासून पोटाकडे, क्रमाने करावी. बॅग पोटापेक्षा पुरेशी उंच टांगली आहे का, सर्व क्लॅम्प उघडे आहेत का, ट्रान्सफर सेटची चकती पूर्ण फिरली आहे का, नळीला पीळ पडला आहे का, हे पाहावे. बॅगच्या तोंडाशी मोडायची पिन असते. ती अर्धवट मोडली तर धार बारीक होते, म्हणून ती दोन्ही बाजूंना वाकवून पूर्ण तोडावी.

द्रव बाहेर न येणे : ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे आणि तिचे कारण पुष्कळदा नळीत नसून आतड्यात असते. बद्धकोष्ठतेमुळे फुगलेले आतडे कॅथेटरवर दाबते किंवा त्याचे टोक जागेवरून सरकवते. पोट साफ होताच निचरा सुरळीत झाल्याची उदाहरणे रोजची आहेत. मात्र रेचक डॉक्टरांनी सांगितलेलेच घ्यावे. निचऱ्याची बॅग पोटाच्या पातळीखाली ठेवावी, कूस बदलावी, उठून थोडे चालावे. नळीत पांढरे धागे दिसले तर ते फायब्रिन या प्रथिनाचे असतात. त्यासाठी बॅगेत हेपारिन हे औषध घालायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात. एवढ्यावरही निचरा होत नसेल तर पोटाचा एक्स-रे काढून कॅथेटरचे टोक पाहावे लागते. अडलेल्या नळीत तार घालणे किंवा घरच्या सिरिंजने जोर लावणे धोक्याचे आहे.

गढूळ द्रव : ही उपकरणाची नव्हे, पर्युदरशोथाची खूण मानावी. निचऱ्याची बॅग छापील कागदावर ठेवली की स्वच्छ द्रवातून अक्षरे वाचता येतात. गढूळ द्रवातून ती पुसट दिसतात. पोट दुखत नसले तरी त्याच दिवशी केंद्र गाठावे आणि ती बॅग फेकून न देता तपासणीसाठी सोबत न्यावी. निचऱ्याच्या द्रवात दर घन मिलिमीटरला १०० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी व त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतील तर संसर्गाचा संशय बळावतो. प्रतिजैविके लवकर सुरू झाली तर कॅथेटर व पर्युदर दोन्ही वाचण्याची शक्यता वाढते.

मार्ग उघडा पडणे : ट्रान्सफर सेट गळून पडला, नळीला चीर गेली किंवा जोडणीच्या टोकाला बोट लागले तर एक्स्चेंज थांबवावे. चीर आणि शरीर यांच्यामध्ये क्लॅम्प लावावा, टोक निर्जंतुक गॉझने झाकावे आणि केंद्रात जाऊन सेट बदलून घ्यावा. सुटलेला भाग पुसून पुन्हा जोडू नये.

बॅगा : जोडण्यापूर्वी मुदत, ग्लुकोजचे प्रमाण, द्रवाचा स्वच्छपणा व गळती पाहावी; बॅग दाबली की बारीक गळती कळते. द्रव शरीराच्या तापमानाइतका कोमट करण्यासाठी कोरडी उष्णता वापरावी. बॅग गरम पाण्यात बुडवल्यास जोडणीच्या तोंडाशी जंतू पोचू शकतात. पावसाळ्यात खोकी ओलीपासून दूर, जमिनीवर न टेकवता रचावीत.

सायकलर : रात्रीचा अलार्म पुष्कळदा अंगाखाली दबलेल्या नळीमुळे वाजतो. आधी नळी मोकळी करावी, मगच यंत्राला पुढे जाऊ द्यावे. निचरा अपुरा असताना तो टप्पा बटण दाबून ओलांडल्यास जुन्या द्रवावर नवा भरला जातो. पोट ताठ वाटले किंवा धाप लागली तर भरणे थांबवून ताबडतोब निचरा करावा. वीज गेल्यास यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे वागावे. ती बराच वेळ येणार नसेल तर प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे सायकलरपासून सुटे होऊन हाताने एक्स्चेंज करता यावे, म्हणून त्याच्या बॅगा घरात नेहमी असाव्यात.

घरगुती हीमोडायलिसिस : येथे पाणी व सुया या दोन गोष्टी जिवाच्या आहेत. शुद्धीकरण यंत्रातून क्लोरामिन निसटले तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून प्रत्येक वेळी आधी पाण्यातील एकूण क्लोरीन (क्लोरामिनसह) तपासतात. त्याचे प्रमाण लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. शिरेकडची सुई निसटली तरी दाबाचा अलार्म दर वेळी वाजतोच असे नाही. म्हणून सुयांची जागा पांघरुणाखाली झाकू नये व ओलावा ओळखणारा संवेदक लावावा. हवेचा अलार्म कधीही बंद करून पुढे जाऊ नये.

पूर्वतयारी : पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला व २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठी मार्गदर्शक सूचना आल्या. केंद्र दूर असलेल्या तालुक्यातल्या रुग्णाला या पद्धतीचा मोठा आधार आहे, पण तो टिकतो प्रशिक्षणावर. घरातल्या आणखी एका माणसाने क्लॅम्प लावायला शिकावे. केंद्राचा क्रमांक भिंतीवर असावा आणि रात्री-अपरात्री फोन करण्याचा संकोच नसावा. प्रत्येक एक्स्चेंजला आत गेलेला व बाहेर आलेला द्रव वहीत लिहावा, कारण निचरा हळूहळू घटत असल्याचे पुष्कळदा आधी त्या आकड्यांतच दिसते.